पुकारा

लोणारहून एसटीनं यायचं, कोर्टाच्या बाकड्यावर दिवस काढायचा आणि नवरा आलाच नाही म्हणून पुढची तारीख घेऊन परतायचं. घटस्फोट मिळेपर्यंत मी म्हातारी होणार, याचा आता संतापही संपत आला होता.

आज शिपायानं दारातून पुकारा केला, "स्नेहलता वैजनाथ, हाजिर हो!"

मी उठणार, तोच आतून हुबेहूब माझ्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "हाव, आली."

शिपायानं मला दारातच अडवलं. "थांबा बाई. त्या गेल्या आत."

"अहो, स्नेहलता मीच हावो!"

आत साहेबांनी विचारलं, "घटस्फोट हवाय ना?"

"नाई साहेब," माझा आवाज म्हणाला. "मी नांदाले जातो."

मी ओरडायला तोंड उघडलं.

आवाज आत होता.