उलटा फ्रॉक

चिमीनं दवाखान्याच्या दाराआड फ्रॉक काढला, उलटा केला आणि शिवणी बाहेर ठेवून पुन्हा अंगात घातला.

तिची धाकटी बहीण बकुळा असाच घालायची. शिवण नुसती घासली तरी बकुळाच्या अंगावर पाण्यानं टरारलेले फोड उठत. जन्मापासूनचं दुखणं. चिमी मात्र धडधाकट होती, आणि तेच तिचं दुःख होतं.

आई, चांगुणा, बकुळाला केळीच्या पानावर निजवायची. गोधडीसकट अलगद उचलायची. सुईनं फोड फोडताना गुणगुणायची,

बकुळा गं बाई माझी, दवाचा थेंब,
वाऱ्या, तू येऊ नको, उंबऱ्याशी थांब.

चिमीच्या नावाची ओवी आईनं कधी रचलीच नव्हती. तिच्या वाट्याला एकच बोल, "हो बाजूला!"

आणि आता, त्र्याण्णवच्या भर उन्हाळ्यात, मुंबईच्या संशोधक नीलिमाताई मोरिवलीच्या या दवाखान्यापर्यंत आल्या, त्याही बकुळासाठीच.

"कातडीचे थर धरून ठेवणारे बारीक धागे असतात," त्या चांगुणाला समजावत होत्या. "हिच्या अंगात ते नीट बनत नाहीत. चूक नेमकी कुठं आहे ते कळलं, तर औषधाची वाट दिसेल. हिच्या कातडीचा मसुराएवढा तुकडा द्याल ना?"

चिमी मध्येच घुसली. हात पुढं केला.

"माझा पण घ्या! मला पण फोड येतात!"

चांगुणाला उलटा फ्रॉक दिसला. तिनं चिमीच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. "बहिणीच्या दुखण्याची नक्कल करतेस, भवाने?"

चिमीनं भोकाड पसरलं.

"अहो, मारू नका," नीलिमाताई म्हणाल्या. "हिचाही तुकडा हवाय. ताडून बघायला निरोगी कातडी लागतेच."

चिमीचं रडू जागच्या जागी आटलं. नाक पुसून तिनं बहिणीकडं ऐटीत पाहिलं. घे! पण बकुळाचं तिच्या तोंडाकडं लक्षच नव्हतं. ती आईच्या हाताकडं बघत होती, टक लावून.

नीलिमाताईंनी इंजेक्शन भरलं. पोरीचं ध्यान दुसरीकडं जावं म्हणून त्यांनी विचारलं, "काय गं बकुळाबाई, औषध सापडलं तर पहिल्यांदा काय करशील?"

"आईचा धपाटा खाईन," बकुळा म्हणाली. "जोरात. दर वेळी मेली चिमी एकटीच खाते."