चार बोल्ट

जुनं वॉशिंग मशीन कपडे पिळताना चालत दारापर्यंत यायचं, म्हणून आई त्याच्यावर ठाण मांडून बसायची. ते बंद पडल्यावर इंजिनिअर मुलाने नवंकोरं आणून स्वतःच बसवलं. पहिल्याच धुण्यात नव्या मशीनने थयथयाट मांडला. मुलाने त्याला मिठीच मारली. “बघितलंस? एकटीला कसं झेपणार? आता तरी माझ्याकडे राहायला चल!” धडधडाटातही त्याचं पालुपद सुटलं नाही. आईने बटण बंद केलं. माहितीपुस्तक तिने आधीच वाचलं होतं; इंजिनिअरला शिकवायचं कशाला, म्हणून गप्प होती. नवऱ्याचा जुना पाना घेऊन तिने मशीनमागचे चार बोल्ट काढले. वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले. मशीन पुन्हा गरगरलं. वर ठेवलेला चहा डचमळलासुद्धा नाही. पुस्तक चाळत मुलगा पुटपुटला, “बोल्ट जपून ठेव. घर बदलताना लागतात.” आईने घोट घेतला. “मग दे फेकून.”