ज्ञानबाशेठचं इंग्रजी भाषण

“पुन्हा एकदा,” नारायण म्हणाला.

ज्ञानबाशेठनी कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं. “जंटलमेन, आय कम फ्रॉम शोलापूर…” भाषण इंग्रजी, अक्षरं देवनागरी. नगरपालिकेच्या कमिटीचा कारकून म्हणून नारायणनं चार दिवस खपून ते तसं उतरवून दिलं होतं. शेजारी शेठच्या वखारीत बायका लोकर धूत होत्या आणि नळ धो धो वाहत होता. त्या आवाजानं नारायणचं डोकं उठलं होतं.

एकोणतीस साली कमिटी मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांच्या संघात नव्यानं दाखल झाली. नव्या सभासद गावानं पुण्याच्या अधिवेशनात प्रतिनिधी पाठवायचा आणि आपल्या शहराची हकिगत सांगायची, असा संघाचा रिवाज. गुजरात, सिंध, कर्नाटक, सगळीकडची माणसं येणार, म्हणून बोलायचं ते इंग्रजीत. कोणी जायचं यावरून दोन वकील मेंबरांची अशी जुंपली, की दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ होऊन घोंगड्यांचे व्यापारी ज्ञानबाशेठ निवडले गेले. चौदा सालच्या मोठ्या लढाईत ते चार वर्षं इराकात बसऱ्याला एका गोऱ्या कप्तानाच्या हाताखाली, त्याचेच हुकूम ऐकत, खेचरं हाकून आलेले. मराठीत सही करायची तरी त्यांना घाम फुटायचा. कमिटीत आलेलं इंग्रजी पत्र ते नेहमी कारकुनाकडून वाचून घेत.

असल्या माणसानं शहराच्या वतीनं बोलावं याचा नारायणला संताप होताच. पण खरा संताप त्या नळाचा होता. ती लाइन नारायणच्या बोळासाठी मंजूर झाली होती. शेठनी शब्द टाकला आणि ती वाटेतच वळून वखारीत गेली. बोळाला राहिला तो जुना आड. गेल्या श्रावणात त्याच्या पाण्यातून पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली आणि नारायणची सहा वर्षांची मुलगी दीड दिवसात गेली. त्यानंतर त्यानं नळासाठी तीन अर्ज केले. पालथ्या घड्यावर पाणी.

“घरी कोण कोण असतं तुमच्या?” शेठनी मधेच विचारलं.

“मी आणि बायको.”

“पोरगी व्हती न्हवं? नाव काय तिचं?”

नारायणच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाव विचारतोय. तिच्या नावानं नळ बसवणार आहे का हा? पण कारकुनाला मेंबरशी भांडता येत नाही.

“शकुंतला,” तो म्हणाला आणि त्यानं पुढचं पान समोर सरकवलं.

त्याच संध्याकाळी घरी बसून त्यानं तिसरं, शेवटचं पान नव्यानं लिहिलं. शाळा आणि दिवाबत्तीच्या वर्णनानंतर त्यानं दोन वाक्यं घुसडली. त्यांचा अर्थ असा: ‘माझ्या शहरातल्या एका गरीब बोळाचं पाणी मी माझ्या वखारीत वळवून घेतलं. याचा दोष दुसऱ्या कोणाचा नाही, माझा आहे.’ चाळीस गावांच्या पुढाऱ्यांसमोर हा अडाणी छाती पुढे काढून हे वाचणार होता. बायकोनं, यशोदेनं, काय लिहिताय म्हणून विचारलं. कमिटीचं काम, तो म्हणाला. नोकरी जाईल हे त्याला ठाऊक होतं. गेली तर गेली.

निघायच्या दिवशी शेठनी सगळं भाषण एकदा वाचून दाखवलं. तिसऱ्या पानावर ते अडखळले.

“हितं काय नवीन घातलंय?”

“शहराच्या पाण्याबद्दल आहे.”

“मग जरा सावकाश वाचू की?”

“हो. सावकाश आणि मोठ्यानं.”

शेठनी मान डोलावली आणि कागदाची घडी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

पाचव्या दिवशी ते परतले. नारायण राजीनामा लिहून तयार होता. शेठ त्याच्या टेबलाजवळ क्षणभर उभे राहिले, म्हणाले, “टाळ्या लई पडल्या, नारायणराव,” आणि कमिटीच्या सभेत जाऊन बसले. नारायणला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. आपण काय वाचून आलो हेसुद्धा या माणसाला कळू नये!

पुढच्या आठवड्यात कमिटीची माणसं आली, वखारीचा नळ तोडला आणि चर खणून लाइन बोळात आणली. पुण्याहून संघानं कान उपटले असणार, हे नारायणनं ताडलं. यशोदेनं पहिला हंडा भरून आणला आणि त्यातला तांब्या भरून त्याच्यापुढे ठेवला. नारायण ते पाणी प्यायला नाही. हेच पाणी वर्षभर शंभर पावलांवर लोकर धूत होतं. त्याचा राग निवला नाही, उलट चढला. कोणीतरी दटावलं म्हणून नळ सोडला, एवढ्यानं काय होतंय? आपण काय केलं ते त्या माणसाला कळायला हवं होतं. अधिवेशनाचा छापील अहवाल आला की तो शेठपुढे उघडायचा आणि एकेका वाक्याचा अर्थ मराठीत सांगायचा, असं त्यानं ठरवून टाकलं.

दोन महिन्यांनी अहवाल टपालानं आला. आवक शिक्का मारायच्या आधीच नारायणनं सोलापूरचं पान काढलं. शाळा होत्या, दिवाबत्ती होती. मग ती दोन वाक्यं, शब्दन्‌शब्द तीच. त्याचं बोट पुढे सरकलं आणि थांबलं. भाषण तिथं संपत नव्हतं. त्याखाली आणखी तीन वाक्यं होती, साध्या, स्वच्छ इंग्रजीत, नारायणनं न लिहिलेली:

‘त्या बोळात गेल्या वर्षी शकुंतला नावाची सहा वर्षांची मुलगी पटकीनं गेली. हे भाषण मला तिच्या वडिलांनी लिहून दिलं आहे. तिचं नाव त्यांच्यानं लिहवलं नाही, म्हणून ते मी सांगतो आहे.’