खुराड्यावरचा कॅमेरा

"जरा डावीकडे. हं, दारातच थांब. हलू नकोस!" खुराड्यात अर्धा शिरलेला नवरा ओरडला.

ती मागच्या दारात उभी राहिली. "अहो, मी काय कोंबडी आहे?"

"उजेड बघतोय गं. आता आत जा. परत ये बघू."

परसात धान्य निवडत बसलेल्या सासूबाईंना हसू आवरेना. "आमच्या लग्नाला साधा फोटोवाला सांगितला नव्हता, आणि आता कोंबड्यांचं शूटिंग!"

मुंगूस सोकावलं होतं. अंडी जातच होती, परवा तिची लाडकी तुरेवालीही गेली. ती दिवसभर रडली. तेव्हा नवऱ्याने मनावर घेतलं. जुना मोबाइल शोधून काढला, प्लास्टिकच्या डब्याला दोन्ही अंगांनी भोकं पाडली, फोन तापू नये म्हणून म्हणे, आणि डबा तारेने खुराड्याच्या जाळीला आवळून टाकला. कोंबड्यांकडे आजवर ढुंकूनही न पाहिलेला माणूस!

ती मनोमन सुखावली. गेल्या वर्षीपर्यंत हाच माणूस, तिला शिवणाच्या दुकानातून यायला जरा उशीर झाला की उंबऱ्यातच उलटतपासणी घ्यायचा. कुठे होतीस, कोणाशी बोलत होतीस. जीव नकोसा व्हायचा. शेवटी बॅग भरून ती भावाकडे निघून गेली. न्यायला आला तेव्हा तो सगळ्यांदेखत रडला होता.

"मी पुन्हा संशय घेतला, तर खुशाल जा. मी न्यायला येणार नाही."

तेवढ्या एका शब्दावर ती परत आली. तेव्हापासून दोघांच्याही फोनला कुलूप नव्हतं. लपवाछपवी नको, असं त्यानेच ठरवलं होतं.

कॅमेरा लागला आणि मुंगूस फिरकेनासं झालं. जेवण झालं की नवरा त्या कॅमेऱ्याचं चित्रण बघत आपल्या फोनमध्ये डोकं घालून बसे.

"दिसतंय का काही?" ती विचारी.

"नाही. सगळं ठीक आहे."

"बघा हं नीट. फार लबाड जात असते."

"बघतोय ना," तो मान वर न करता म्हणे.

शेजारणीला तर तिने चारदा सांगितलं. "माझ्या कोंबड्यांसाठी एवढा खटाटोप केला हो यांनी!" माणूस बदलतो, यावर आता तिचा विश्वास बसला होता.

एका सकाळी खुराड्यातून चिवचिव ऐकू आली. पिल्लं बाहेर पडत होती! पण खुडूक कोंबडी अशा वेळी जवळ जाईल त्याला टोचून काढते. नवरा आंघोळीला गेला होता आणि त्याचा फोन ओट्यावरच होता. तिने हात पदराला पुसले, फोन उचलला आणि सासूबाईंना हाक मारत ती मागच्या दारात आली.

"या लवकर, पिल्लं बघायला!"

तिने फोनवर खुराड्याचा कॅमेरा लावला. पडद्यावर कोंबडी नव्हती, पिल्लंही नव्हती. मागचं दार होतं, आणि त्या दारात फोन हातात धरून ती उभी होती.