हेमांगीचं अक्षर

प्रिंटरमधून शर्वरीच्या तक्रारीचा कागद बाहेर आला, तो तिच्या नवऱ्याच्या अक्षरात.

"मारतो तो, आणि तक्रारही त्याच्याच अक्षरात?" ती हवालदारावर कडाडली.

"बाई, प्रिंटर ज्याचं त्याचं अक्षर नावावरून शोधतो. शर्वरी नावाचं सापडलं नाही, म्हणून कुटुंबप्रमुखाचं घेतलं."

तिचं अक्षर हेमांगी या माहेरच्या नावाने नोंदलेलं होतं. सहा वर्षांपूर्वी लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या पिटल्या होत्या.

"मग हेमांगीच्या अक्षरात छापा."

"दुसऱ्या बाईच्या अक्षरातली तक्रार कायद्याला चालत नाही."

शर्वरी खुर्ची ओढून बसली. "बरं. मग लिहा, हेमांगी सहा वर्षांपासून बेपत्ता आहे. संशयित म्हणून माझ्या नवऱ्याचं नाव घाला."