रविवारची टिकटिक

"आज शेवटचं," ती म्हणाली. "टिकटिक ऐकू आली की सही करायची. मग ते रक्तबिक्त काही तपासायचं नाही."

बाबांनी मान डोलावली. सकाळपासून ते टेबलाशीच होते. एका घड्याळाचं यंत्र काढून त्यांनी उपड्या पेल्याखाली झाकून ठेवलं होतं, धूळ बसू नये म्हणून.

शेजारी दोन कागद पडले होते. एक रक्ततपासणीचा फॉर्म. दुसरं कंपनीला द्यायचं घरच्यांचं संमतिपत्र. उद्यापासून ती मोबाइलच्या टॉवरवर चढणार होती, साठ मीटर. बाबांचं कामही तेच होतं. पस्तिसाव्या वर्षी वर असताना डोकं गरगरलं आणि ते खाली आले, ते घड्याळं दुरुस्त करायलाच. कान त्याआधीच गेले होते. आजोबांचं तेच झालं, आत्याचंही. डॉक्टर म्हणाले होते, आतल्या कानाचा आजार आहे, एक बिघडलेलं जनुक पुरतं. मुलीत उतरलं असेल किंवा नसेल, निम्मी-निम्मी शक्यता. आधी कान जातात, मग तोल.

"हिचे कसले कान जातायत," आई मागून म्हणाली. "कामाचं सांगितलं की तेवढे बंद होतात."

लेकीचं लक्षच नव्हतं. ती बाबांच्या ओठांकडे बघत होती. बाबांमुळे या घरात सगळ्यांनाच ओठ बघत बोलायची सवय.

"घाबरलीस?" बाबांनी विचारलं.

"तुम्हीच घाबरलाय. आठ वर्षांची होते तेव्हापासून दर रविवारी बसतेय. एकदा तरी चुकलेय का?"

"मीही बसायचो, माझ्या बाबांपुढे. एकदाही चुकलो नाही."

ती पाठमोरी बसली, डोळे मिटले. बाबा आजोबांचं खिशातलं घड्याळ मुठीत घेऊन मागे उभे राहिले.

तेलाचा वास येणारा हात डाव्या कानाशी आला. तिने डावा हात वर केला. मग उजव्या कानाशी. उजवा वर. पुन्हा उजवा. पुन्हा बरोबर.

"खणखणीत ऐकू येतंय," ती वळून म्हणाली. "करा आता सही."

बाबा तिच्यासमोर येऊन बसले. पेन तसंच राहिलं. त्यांनी घड्याळ पेल्याशेजारी ठेवलं आणि नखाने त्याचं मागचं झाकण उघडलं.

आत काहीच नव्हतं.