खुंटीवरचा बॅज

अहवाल तिसऱ्यांदा वाचला आणि माझं डोकं सणकलं. आमच्या कारखान्यात किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतून दुर्मीळ धातू वेगळे काढतात. त्या वाळूत किरणोत्सर्ग असतो, धातू काढल्यावर तो उरलेल्या गाळातच राहतो; म्हणून प्रत्येकाच्या छातीवर बॅज. तीन महिन्यांत अंगावर किती किरणं पडली, ते तो सांगतो. वाळूत दिवसभर राबणाऱ्यांचे आकडे ठीक होते. हजेरीच्या खिडकीत बसणाऱ्या सुगंधाचा मात्र त्यांच्या सहापट!

"प्लँटमध्ये गेली होतीस?"

"कधीच नाही, सर."

"बॅज खोटं बोलत नाही, सुगंधा."

तिचे डोळे भरून आले. "सर, चूक झाली. सुटल्यावर बॅज गेटवरच्या बोर्डाला अडकवून जायचा नियम आहे. पण बाळाला पाजायची घाई असते, मी तशीच घरी पळते. रात्रभर तो खुंटीवर असतो."

म्हणजे आकडा कारखान्यातला नव्हताच. माझा आवाज आपोआप खाली आला. "घर कधी बांधलंत?"

"यंदाच. जोत्यात भराव आपल्याच कारखान्यामागच्या ढिगाचा. धातू काढून उरलेला गाळ, तसाच तर पडून असतो. यांनी चार टेंपो आणला. छान घट्ट बसलाय."

"खुंटीखाली काय आहे?"

"पाळणा."

मी जीपची किल्ली उचलली. ती घाबरून दारात आडवी आली.

"नोकरीवरून काढू नका, सर. उद्यापासून बॅज इथंच ठेवीन."